उरलेल्या शिरांचा अर्ज

३ मार्च, सोमवार

शीर "बंद झाली" म्हणे! बंद झाली तर मग ही पोटरीवर कोण लोळतेय?

पायातली फुगलेली शीर लेझरनं बंद केली, त्याला आज तीन आठवडे झाले. सकाळी आंघोळीनंतर पाय स्टुलावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात नीट पाहिला. गुडघ्यामागून निघून पोटरीवर वळणं घेत उतरणारी ती जाड निळी शीर जशीच्या तशी. घोट्याच्या आतल्या अंगाला दोन गाठी होत्या, त्या दोन्ही हजर. मांडीतली ओढ गेली, ते मान्य. पण मी काय मांडीवर उभी राहते?

मागच्या बुधवारी डॉक्टरांना म्हटलं, अहो, हे बघा तरी. ते सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होते. "मुख्य शीर शंभर टक्के बंद. सुंदर रिझल्ट!" मी म्हटलं, सुंदर त्या पडद्यावर असेल. हसले. "बाजूच्या फांद्या उरल्यात. काही आपोआप सुकतील, नाही सुकल्या तर इंजेक्शन देऊ. सहा आठवडे जाऊ देत." आणि बेल वाजवली. पुढचा पेशंट.

सव्वीस वर्षं मी कटिंगच्या टेबलाशी उभी आहे. शाळेच्या गणवेशाचं कापड, चाळीस थर एकावर एक, वर मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा, खडूची रेघ, मग कापायचं मशीन. मी जर म्हटलं असतं की "मुख्य कापड कापलंय, बाह्या उरल्यात, त्या बघू नंतर", तर मालकांनी मलाच टेबलावर आडवं घातलं असतं.

४ मार्च, मंगळवार

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, काहीतरी वाईट आहे.

"मास्टरबाई, सात एप्रिलला गणवेशाचा मोठा माल सुरू होतोय. तोवर पाय उभा राहिला तर टेबल तुमचंच. नाही राहिला तर बटणाला बसा. बसून काम, पंख्याखाली, आराम!"

आराम! सव्वीस वर्षांनी मला बटणाला बसवणार! बटणाच्या बायका चांगल्या आहेत, मला काही कमीपणा नाही वाटत त्यांचा. पण त्यांना कोणी मास्टर म्हणत नाही. त्यांच्या हातात आधीच कापलेलं येतं. मी कापते म्हणून त्यांच्या हातात येतं! आणि नवा कटर बघून ठेवलाय हेही कळलंय मला. तो फर्मा फिरवून न बघता कापतो, असं ऐकलंय. मालाचं वाटोळं करेल.

चहा घेतला. थंड झाला होता.

५ मार्च, बुधवार

बुधवार म्हणजे दवाखान्यात आमचा दिवस — लेझरवाल्यांची फेरतपासणी. तीच चार तोंडं. गोदामाच्या गेटवरचे वॉचमनकाका, शाळेतल्या बाई, पार्लरवाली आणि मी. चौघांनाही उभ्या उभ्या धरलेलं दुखणं.

काउंटरवरच्या पोरीचा एकच मंत्र — "मोजे काढून ठेवा, मगच आत जा." डॉक्टरांचा वेळ वाचतो म्हणे. डॉक्टरांचा! आम्ही सगळे त्या अरुंद बाकावर वाकून ते लेझरनंतर दिलेले गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे सोलतोय, धापा टाकतोय, आणि आत दोन मिनिटांत काम तमाम. बाहेर येऊन पुन्हा चढवायचे. चढवताना काकांच्या तोंडून जे शब्द निघाले ते मी इथे लिहीत नाही.

काकांचा मोजा घसरतो. दुपारपर्यंत पोटरीवर गोळा होतो म्हणाले. "ताई, गेटवर उभं राहून मोजा वर ओढत बसलो तर साहेब विचारतात, काय चाललंय?" मी म्हटलं, काढा इकडे. माझाही पहिल्याच आठवड्यात असाच घसरायचा. या कंपन्यांना माप म्हणजे काय ते ठाऊकच नाही! घोट्याशी जीव जाईल इतका घट्ट आणि वर ढगळ. मी एका संध्याकाळी बसून वरचा काठ दोन बोटं आत घेतला, आतून इलॅस्टिक घातलं, दुहेरी टीप मारली. दोरा गणवेशाचा निळा, घरात दुसरा असतो कुठे. तेव्हापासून मोजा जागचा हललेला नाही.

सुई, दोरा, इलॅस्टिकचा तुकडा माझ्या पर्समध्ये कायम असतोच. काकांचा नंबर लागेपर्यंत हातशिलाईनं काम उरकलं. काकांनी मोजा चढवला, दोन पावलं टाकली, बसले, उठले. नाही घसरला! "ताई, तुमच्या हाताला काय म्हणू!" पार्लरवाली आणि बाई बघतच राहिल्या. दोघी म्हणाल्या, पुढच्या बुधवारी आमचेही कराल का?

त्या दवाखान्यात आज कोणी कोणाचं काही बरं केलं असेल, तर ते मी.

९ मार्च, रविवार

नणंदबाई आल्या. पाय दाखवायला आल्या होत्या, दुसरं काही नाही. साडी वर करून पोटरी माझ्या नाकासमोर. त्याच डॉक्टरांनी केलेला पाय, माझ्या आधी पंधरा दिवस. एक शीर दिसेल तर शपथ!

"वहिनी, डॉक्टर म्हणजे देवमाणूस हो."

देवमाणूस! मग माझ्या वेळेला देव काय जेवायला गेला होता?

त्यांचा मोजा खाली घरंगळलेला. चहा पिताना तीनदा वर ओढला. मला बघवेना. म्हटलं, द्या, पाच मिनिटांत बसवून देते. तर मोजा दोन्ही हातांनी धरून ठेवला, जसं काही मी हिसकावणार होते! "नको हो वहिनी. घसरला तर ओढते मी. आहे तसाच बरा."

चाळीस थरांतून एका दोऱ्याचा फरक न पडू देता कापणारी मी — आणि हिला माझ्या हातचं चालत नाही! घरच्या बाईची किंमत नसते ती अशी. हे मध्येच म्हणाले, "अगं, नको म्हणते तर राहू दे ना." हे कायम बहिणीच्याच बाजूचे.

१० मार्च, सोमवार

गुडघ्याखाली चांगला लालभडक वळ उठलाय. म्हणजे मोजा पक्का बसतोय. खाज येते, पण घसरत तर नाही!

१२ मार्च, बुधवार

बाईंचे दोन आणि पार्लरवालीचा एक, तीन मोजे केले. बाकावर बसून. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "इथे शिवणकाम करू नका." मी म्हटलं, तू बाक रुंद करून दे, मी बंद करते.

आत गेले. डॉक्टरांनी झोपवून शिरेतलं रक्त बघायचा तो डॉपलर लावला. मी म्हटलं, डॉक्टर, घेर मोजायचा तर बाईला उभं करावं लागतं. झोपलेल्या माणसाच्या शिरा तुम्हाला काय दिसणार? उभी करा मला, मग बघा कशी फुगते! म्हणाले, "आम्ही आमच्या पद्धतीनं बघतो." तळपायाची आग मस्तकात गेली. मुख्य शीर बंद म्हणून जरा फांद्यांतून वळणं घेत गेली असेल.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे तीस वर्षं पाण्याच्या लाइनी जोडत आलेत, यांना सगळं पाइपांतच समजतं. म्हणाले, "मुख्य लाइन बंद केली की बाजूच्या नळ्यांतलं पाणी उतरायला वेळ लागतोच. वाट मोकळी असली की उतरतं." मी म्हटलं, मी पाइप नाही.

१५ मार्च, शनिवार

ओटीवर बसून कोणी न बघता रडले आज. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

घोट्याच्या वरची कातडी काळपट पडलीय. चामड्यासारखी. आईची अशीच पडली होती. सगळे म्हणाले, या वयात कोण बघतंय तुमच्या पोटऱ्या! शेजारीण म्हणाली, डॉक्टर म्हणाले, मालकसुद्धा म्हणाले. दिसण्याचं कोण बोलतंय रे बाबांनो! आईचा घोटा आधी काळा पडला, मग एक दिवस फुटला. छोटीशी जखम, नखाएवढी. नऊ वर्षं भरली नाही. रोज सकाळी पट्टी बदलायचं काम माझं. शाळेत जायच्या आधी. पट्टी सोडली की येणारा तो वास, आणि आईचं दुसरीकडे बघणं — मुलीकडे बघायची तिला लाज वाटायची. शेवटी ती घराच्या दारापर्यंतसुद्धा उभी चालत येत नव्हती.

मला टेबल हवंय ते मास्टर म्हणवून घ्यायला, हे खरंच आहे. पण त्याच्याही आधी मला माझ्या पायावर उभं राहायचंय. बस, एवढंच मागतेय मी. जास्त आहे का हे?

१९ मार्च, बुधवार

आज डॉक्टर परिषदेला गेलेत. आम्हाला कोणी कळवलं नाही. चौघं आलो, मोजे काढून बसलो, तासाभरानं कळलं.

काकांनी पाय दाखवला. घोटा सुजून चकाकतोय. पार्लरवालीच्या पोटरीवर नव्या बारीक जांभळ्या शिरांचं जाळं. बाईंच्या गाठी तशाच. चौघांत चौघांच्या शिरा उरल्यात! आता बोला!

२१ मार्च, शुक्रवार

टेबलाशी तास-दीड तास उभी राहून पाहिलं. तासाभरानं पायात शिसं भरलं. मालक काचेतून बघत होते.

२६ मार्च, बुधवार

सहा आठवडे झाले एकदाचे! इंजेक्शन घेतलं. औषधाचा फेस करतात आणि बारीक सुईनं थेट उरलेल्या शिरेत सोडतात, मग ती आतून चिकटून बंद होते म्हणे. पाच ठिकाणी टोचलं. घोट्याजवळचं टोचताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर सुई बघत होते, सिस्टर ट्रे बघत होती, मी छताकडे. माझ्याकडे कोणीही नाही.

"गुडघ्याखाली हा वळ कसला?" सिस्टरनं विचारलं. मी म्हटलं, मोज्याचा. "बरोबर, मोजा चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले, मान वर न करता. "दिवसरात्र. अजिबात काढू नका आठवडाभर."

नाही काढणार. मी आजवर सांगितलेलं एक काम टाळलेलं नाही. माझ्याकडून काही राहिलं असं म्हणायला मी यांना जागाच ठेवणार नाही!

२९ मार्च, शनिवार

पोटरीत सुपारीएवढी कडक गाठ. हात लावू देत नाही. पाऊल सुजून चप्पल जाईना. दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची पोरगी — "असं होतं. बुधवारी या." असं होतं! कोणाला होतं? तुला झालंय कधी?

आणि दुपारी काकांचा फोन. आवाज बारीक. "ताई, घोटा फुटला. पाणी येतंय त्यातून. गेटवरून सुट्टी दिलीय, पण परत घेतील की नाही..."

मला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. नखाएवढी आहे म्हणाले. नखाएवढी.

आता बस. या माणसानं आमच्या जिवाशी खेळ मांडलाय. मी अर्ज लिहिणार! मोठ्या डॉक्टरांच्या नावानं, जे दवाखान्याचे प्रमुख आहेत. एकदा त्यांच्या टेबलावर तो कागद पडू दे, मग पळता भुई थोडी होईल यांची.

३० मार्च, रविवार

अर्ज झाला. तीनदा फाडून चौथ्यांदा. "आम्ही खालील सही करणारे" पासून सुरुवात केली, मग बाईंनी फोनवर शुद्धलेखन सांगितलं. मुद्दे असे टाकलेत: उभं करून तपासलं नाही. प्रश्नाला उत्तर दिलं नाही. पायाकडे पाहिलं नाही. चारपैकी चार जणांच्या शिरा उरल्या, एकाला जखम झाली, आणि तरीही "सुंदर रिझल्ट". हे वाक्य मी खाली रेघ मारून लिहिलंय. चारपैकी चार! एखाद्या थरात एक शर्ट चुकला तर कापडाचा दोष म्हणू. सगळा थर चुकला तर दोष कापणाऱ्याचाच, दुसऱ्या कोणाचा?

सह्या घ्यायला मीच घरोघर गेले, सुजल्या पायानं, रिक्षात पाय आडवा ठेवून. पार्लरवालीनं गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता सही केली, कोपऱ्यावर मेंदीरंगाचं बोट उमटलंय. काका बाजेवर होते. घोट्याला पांढरी पट्टी. काकूंनी चहा दिला, मी पट्टीकडे बघितलं नाही. बघवतच नाही मला. काका म्हणाले, "ताई, तुम्ही आहात म्हणून. नाहीतर आमच्यासारख्यांचं कोण ऐकतं?" निघताना त्यांनी पट्टीवरून मोजा चढवलेला दाखवला. "हा मात्र मी सोडला नाही हं. तुम्ही केलेला."

घरी आल्यावर यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. "सह्या करणारे सगळे तुझेच गिऱ्हाईक दिसतात." मी म्हटलं, म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास आहे! तुमच्या बहिणीसारखे नाहीत ते. हे चष्मा पुसत बसले.

१ एप्रिल, मंगळवार

मालकांना सांगितलं, उद्या निकाल लावून येते. "कसला निकाल?" म्हणाले. बघाल.

सगळ्यांना निरोप दिलाय: उद्या मोजे काढायचे नाहीत. आजवर बाहेर बसून काढले, वाकून वाकून कंबर मोडली. उद्या मोज्यांसकट आत, चौघं एकदम. डॉक्टरांनी स्वतः वाकावं. खुर्चीतून उठून, खाली बसून, स्वतःच्या हातानं काढावेत आमचे मोजे आणि बघावं एकदा तरी!

पार्लरवाली म्हणाली, "मास्टर, तुम्ही पुढे राहा." राहीन. टेबलाशी उभी राहायला जमो न जमो, उद्या तिथे मी उभी राहणार.

२ एप्रिल, बुधवार

वाकले. खुर्ची सोडून खरंच जमिनीवर बसले. आम्ही चौघं भिंतीशी रांगेत, अर्ज माझ्या हातात.

आधी पाय पाहिलेच नाहीत त्यांनी. मोज्यांच्या वरच्या काठावरून बोट फिरवत गेले. काकांचा, बाईंचे, पार्लरवालीचा, माझा. सगळ्यांना निळा दोरा.

"हा मोजा घोट्याशी घट्ट आणि वर सैलच असतो, रक्त वर चढावं म्हणून. थोडा घसरला तरी चालतो. इथे वरच गळा आवळलाय. खालचं रक्त जाणार कुठे? फांद्या सुकणार कशा, आणि कातडी टिकणार कशी?" मग वर बघून, "कोणी केलं हे?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी पर्स उघडली आणि बंद केली. पार्लरवाली म्हणाली, "दुकानातूनच असे आले."

कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी केलं," मी म्हणाले. "सगळे मीच शिवलेत."

मग अर्ज पर्समध्ये ठेवला, कात्री काढली, काकांच्या पायाशी खाली बसले आणि पहिला टाका उसवला.